रिकाम्या रकान्यांपुढे जँगोचा ओआरएम

आधी निकाल सांगून टाकतो. जँगो (पायथॉनची वेब फ्रेमवर्क) ५.२ चा ओआरएम, म्हणजे पायथॉन कोडवरून डेटाबेसची क्वेरी लिहिणारा भाग, साध्या कॉलमवरच्या फिल्टर (अट जुळणाऱ्या ओळी घ्या) आणि एक्सक्लूड (त्या वगळा) मध्ये नल, म्हणजे रकान्यात व्हॅल्यूच नसणं, नीट सांभाळतो, इतर बऱ्याच फ्रेमवर्कपेक्षा चांगला. पण सबक्वेरी (क्वेरीतली क्वेरी), ॲनोटेशन (क्वेरीतच हिशेब करून काढलेला कॉलम), जेसन फील्ड (की-व्हॅल्यूच्या जोड्या ठेवणारा कॉलम) आणि सॉर्टिंग इथे तो हात वर करतो. हात वर करताना एररही देत नाही. क्वेरी चालते, पान उघडतं, यादी दिसते आणि त्या यादीत चार नावं कमी असतात. हिंजवडी-बाणेर-खराडीच्या ऑफिसांत जँगोवर काम करणाऱ्या टीमसाठी हा रिव्ह्यू आहे. ओआरएम शिकवणं हा हेतू नाही. नलच्या बाबतीत त्याच्यावर कुठे विसंबावं, कुठे नाही, आणि ते पाच ओळींच्या डेटावर कसं तपासावं, एवढंच इथे आहे.

तपासणीचं टेबल

हजार ओळींचा डेटा नको. खोट्या नावांचे पाच हजार रेकॉर्ड तयार करून देणाऱ्या फॅक्टरीही नकोत, कारण त्या सगळे रकाने इमानदारीने भरतात आणि नल उगवतच नाही. पुण्यातल्या दुकानांचं एक टेबल घ्या. नाव सक्तीचं. परिसर, रेटिंग, जीएसटी क्रमांक आणि तपशील (जेसन) या चारही कॉलमना नल चालेल असं ठेवा. मग पाच ओळी:

अ: कोथरूड, रेटिंग ४
ब: सदाशिव पेठ, रेटिंग ५
क: हडपसर, रेटिंग ३
ड: परिसर नल, रेटिंग नल
इ: परिसर रिकामी स्ट्रिंग, रेटिंग ०

सगळी गंमत ड आणि इ मध्ये आहे. नल, रिकामी स्ट्रिंग आणि शून्य ही तिन्ही मंडळी पायथॉनच्या इफ समोर खोटी ठरतात, पण डेटाबेससमोर तिघांची जात वेगळी. टेस्टमध्ये फक्त नल ठेवला आणि शून्य विसरलात, तर 'इफ दुकान.रेटिंग' असं लिहिणारा कोड शून्य रेटिंगच्या दुकानाला 'रेटिंग नाही' म्हणेल आणि टेस्ट हिरवीच राहील.

या ओळी टेस्टकेसच्या सेटअप-टेस्ट-डेटामध्ये एकदाच तयार करा, प्रत्येक टेस्टच्या सेटअपमध्ये नको. तुलना नावांच्या सेटवर करा किंवा असर्ट-काउंट-इक्वल वापरा. असर्ट-क्वेरीसेट-इक्वल वापरायचं तर ऑर्डर्ड=फॉल्स द्या, नाहीतर क्रम न दिलेल्या क्वेरीसेटवर व्हॅल्यूएरर येतो. आणि नुसता काउंट तपासू नका. तीन ओळी यायला हव्यात आणि तीन आल्या, पण भलत्याच तीन, हे नलच्या बाबतीत सहज घडतं.

जिथे पैकीच्या पैकी

फिल्टरला परिसर=नन (पायथॉनमधलं 'काही नाही') दिलं की जँगो आपोआप 'इज नल' लिहितो आणि ड येते. रिकामी स्ट्रिंग दिली की इ येते. रेटिंग__जीटी=नन ('ननपेक्षा मोठं') असं काही दिलं तर नन ही क्वेरीची व्हॅल्यू होऊ शकत नाही, असं सांगून थेट व्हॅल्यूएरर. इजनल लुकअपला ट्रू-फॉल्सऐवजी 'फॉल्स' ही स्ट्रिंग दिली तर ४.० पासून तिथेही एरर येतो. आधी ही स्ट्रिंग खरी धरली जायची आणि यूआरएलमधून आलेल्या पॅरामीटरचा अर्थ नेमका उलटा लागायचा. ही कडक शिस्त उत्तम.

खरी कसोटी एक्सक्लूडची. 'कोथरूड सोडून सगळी दुकानं' ही मागणी घ्या. हाताने एसक्यूएल लिहिणारा माणूस परिसर <> 'कोथरूड' लिहितो आणि त्याला ब, क, इ मिळतात. ड गायब, कारण नलशी केलेली तुलना खरीही नसते आणि खोटीही, ती 'अज्ञात' असते, आणि व्हेअरमधून फक्त खरं तेवढंच बाहेर पडतं. जँगो मात्र असं लिहितो:

नॉट (परिसर = 'कोथरूड' अँड परिसर इज नॉट नल)

ड साठी हे सोडवून बघा. पहिला भाग अज्ञात, दुसरा खोटा. अज्ञात अँड खोटं म्हणजे खोटं. त्याचं नॉट म्हणजे खरं. ड यादीत येते, एकूण चार दुकानं. ज्या दुकानाचा परिसरच माहीत नाही ते कोथरूडचं आहे असं म्हणता येत नाही, म्हणून ते यादीत ठेवलं. बहुतेक वेळा वापरणाऱ्यालाही हेच हवं असतं. क्यू ऑब्जेक्टसमोर (अट सुटी लिहायची जँगोची सोय) टिल्डा, म्हणजे 'नाही'ची ~ ही खूण, लावला तरी हाच एसक्यूएल निघतो.

याचा एक परिणाम कोड रिव्ह्यूत हमखास सुटतो. फिल्टर(रेटिंग__एलटी=४), म्हणजे '४ पेक्षा कमी ते घ्या', आणि एक्सक्लूड(रेटिंग__जीटीई=४), म्हणजे '४ किंवा जास्त ते वगळा', एकच आहेत असं वाटतं. पहिल्यात क आणि इ येतात, दुसऱ्यात क, ड आणि इ. कोणी 'वाचायला सोपं' म्हणून एकाच्या जागी दुसरं टाकलं की यादी बदलते.

ही सगळी मेहरबानी जँगो मॉडेलमधला (टेबलचं पायथॉनमधलं वर्णन) नल=ट्रू बघून करतो. डेटाबेसमध्ये प्रत्यक्षात काय आहे ते तो पाहत नाही. जुन्या सिस्टिमच्या टेबलवर मॅनेज्ड=फॉल्स मॉडेल (ज्याच्या टेबलला जँगो हात लावत नाही) बसवलं, डेटाबेसमधल्या कॉलममध्ये नल आहेत, पण मॉडेलमध्ये नल=ट्रू लिहायचं राहिलं, तर 'इज नॉट नल'चा तुकडा जोडलाच जात नाही आणि ड पुन्हा गळते. अशा टेबलसाठी मॉडेल हाताने लिहू नका. इन्स्पेक्ट-डीबीने (टेबल वाचून मॉडेल लिहून देणारी जँगोची कमांड) काढा आणि नलच्या खुणा त्याने दिल्या तशाच ठेवा.

एकच टेस्ट लिहायची तर

एक छोटा हेल्पर लिहा. त्याला कोणतीही अट द्या. तो फिल्टरमधून आलेल्या आयडींचा सेट आणि एक्सक्लूडमधून आलेल्या आयडींचा सेट काढेल, दोन्ही मिळून पाचही ओळी येतात का आणि दोन्हींत समान ओळ एकही नाही ना, एवढं पाहील. महत्त्वाच्या सगळ्या अटी सबटेस्टमधून या हेल्परला घाला. नलमुळे ओळ गळत असेल तर ती इथेच पकडली जाते, आणि अपेक्षित उत्तर हाताने लिहावंही लागत नाही.

साध्या कॉलमवर जँगो यात पास होतो. ॲनोटेशनवर आपटतो. रेटिंगचे टक्के काढा: ॲनोटेट(टक्के=एफ('रेटिंग')*२०). आता एक्सक्लूड(टक्के=१००) म्हणजे मनात एक्सक्लूड(रेटिंग=५) च. पण रेटिंगवर लावलेल्या एक्सक्लूडमध्ये अ, क, ड, इ अशी चार येतात आणि टक्क्यांवर लावलेल्यात अ, क, इ अशी तीन. ॲनोटेशनवरच्या अटीला जँगो 'इज नॉट नल'चा तुकडा जोडत नाही. नुसतं नॉट (... = १००) लिहितो आणि नल असलेली ड अज्ञातात अडकते. आमच्या मते या ओआरएममधली सगळ्यात वाईट विसंगती हीच, कारण दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या तरी डोळ्यांना काही खटकत नाही. उपाय दोन: कोलेस्कने ॲनोटेशनलाच नलऐवजी दुसरी व्हॅल्यू द्या, किंवा अट क्यू(टक्के__इजनल=ट्रू) | ~क्यू(टक्के=१००) अशी उघड लिहा. दुसरा जास्त चांगला. कोलेस्कमध्ये दिलेली ० किंवा -१ ही व्हॅल्यू पुढे कुठेतरी सरासरीत शिरते.

नॉट इनचा खड्डा

तक्रारींचं दुसरं टेबल घ्या, दुकानाची फॉरेन की (कोणतं दुकान ते सांगणारा कॉलम) नल चालणारी. तीन तक्रारी: एक अ वर, एक ब वर, आणि एक अशी की तक्रारदाराने दुकान निवडलंच नाही. 'तक्रार नसलेली दुकानं' काढायला बरेच जण असं लिहितात:

दुकान.ऑब्जेक्ट्स.एक्सक्लूड(पीके__इन=तक्रार.ऑब्जेक्ट्स.व्हॅल्यूज('दुकान'))

यायला हवीत क, ड, इ. येतं शून्य. सबक्वेरीत एक जरी नल असला तरी नॉट इन कोणत्याच ओळीसाठी खरं ठरत नाही. क्रमांक ३ यादीत नाही असं डेटाबेस छातीठोकपणे म्हणू शकत नाही, यादीतला तो नल ३ असूही शकतो. आणि प्रायमरी कीला (पीके, ओळीचा स्वतःचा क्रमांक) नल चालत नाही म्हणून जँगोही कुठला तुकडा जोडत नाही.

पुढचं जास्त बेरकी आहे. हीच सबक्वेरी लिस्ट() मध्ये गुंडाळून (व्हॅल्यूज-लिस्ट, फ्लॅट=ट्रू) दिली, तर उत्तर बरोबर येतं. पायथॉनची यादी मिळाली की इन लुकअप तिच्यातला नन काढून टाकतो. म्हणजे डिबग करताना शेलमध्ये यादी छापून पाहिली, तीच यादी क्वेरीत घातली, आणि बग सापडेना. टेस्टमध्ये जशी क्वेरी कोडमध्ये आहे तशीच चालवा.

दुरुस्ती सोपी आहे. सबक्वेरीत फिल्टर(दुकान__इजनल=फॉल्स) घाला, किंवा एक्झिस्ट्स आणि आउटर-रेफ वापरून ~एक्झिस्ट्स लिहा. मोठ्या टेबलवर दुसरा पर्याय घ्या. पोस्टग्रेस नॉट एक्झिस्ट्सला अँटी-जॉइनमध्ये (जुळणी नसलेल्या ओळी झटपट काढायची पद्धत) बदलू शकतो, नॉट इनला नलच्या नियमामुळे ती सवलत सहसा मिळत नाही. एक्सप्लेन() लावून प्लॅन बघा. नुसतं फिल्टर(तक्रार__इजनल=ट्रू) लिहिलं तरी लेफ्ट जॉइन (तक्रार नसली तरी दुकानाची ओळ ठेवणारी जोडणी) होऊन उत्तर बरोबर येतं.

मात्र तोच लेफ्ट जॉइन दुसरीकडे फसवतो. 'निकाल न लागलेल्या तक्रारी असलेली दुकानं' म्हणून फिल्टर(तक्रार__निकाल__इजनल=ट्रू) लिहिलं, तर ज्यांच्यावर तक्रारच नाही ती दुकानंही येतात, कारण जॉइनने त्यांच्या निकालाच्या जागी नल भरलेला असतो. त्याच फिल्टर कॉलमध्ये तक्रार__इजनल=फॉल्स जोडा.

आणखी एक: फिल्टर(परिसर__इन=['कोथरूड', नन]) लिहून ड मिळेल ही आशा सोडा. तो नन गुपचूप वगळला जातो. रेल्स (रूबी भाषेतली फ्रेमवर्क) अशा यादीचं 'इन किंवा इज नल' असं रूपांतर स्वतः करून देतं. इथे ते क्यू ने हाताने लिहावं लागतं. इतर ठिकाणी एरर देणाऱ्या जँगोने इथेही निदान एक वॉर्निंग द्यायला हवी होती.

लॅपटॉपवर एक, सर्व्हरवर दुसरं

पुण्यातल्या कितीतरी टीमची मांडणी ठरलेली: लॅपटॉपवर एसक्यूलाइट, सर्व्हरवर पोस्टग्रेस. नलच्या टेस्टसाठी ही मांडणी निरुपयोगी आहे.

रेटिंगनुसार उतरत्या क्रमाने लावा. एसक्यूलाइट आणि मायएसक्यूएल नलला सगळ्यात लहान मानतात, त्यामुळे ड तळाशी जाते आणि सगळं छान दिसतं. पोस्टग्रेस आणि ऑरॅकल नलला सगळ्यात मोठा मानतात. तिथे 'सर्वोत्तम दुकानं' या पानावर पहिला नंबर ड चा, म्हणजे एकही रेटिंग नसलेल्या दुकानाचा. उपाय १.११ पासून आहे: ऑर्डर-बाय(एफ('रेटिंग').डिसेंडिंग(नल्स_लास्ट=ट्रू)), कोडमध्ये डिसेंडिंगचं लघुरूप. मायएसक्यूएलला 'नल्स लास्ट' हे वाक्यच कळत नाही, म्हणून तिथे जँगो आधी 'इज नल'वर आणि मग कॉलमवर क्रम लावून तेच काम करतो. पोस्टग्रेसवर याची किंमत मोजावी लागते. रेटिंगवरचा साधा इंडेक्स उलटा वाचला की नल आधी येतात, त्यामुळे 'उतरता, नल शेवटी' या क्रमासाठी तो कामाला येत नाही आणि वेगळं सॉर्टिंग होतं. टेबल मोठं असेल तर मॉडेलच्या मेटामध्ये नेमक्या त्याच क्रमाचा इंडेक्स द्या. ३.२ पासून इंडेक्समध्ये एक्स्प्रेशन चालतं. पानं पाडत असाल तर शेवटी पीकेही क्रमात घाला. नलवाल्या ओळींचा आपापसात काहीच क्रम नसतो, आणि एकच दुकान पान २ वरही दिसतं, पान ३ वरही.

ग्रेटेस्ट आणि लीस्ट ही फंक्शन (अनेक व्हॅल्यूंतली मोठी आणि लहान देणारी) याहून निसरडी. दोन कॉलमपैकी एकात नल असेल तर पोस्टग्रेस उरलेली व्हॅल्यू देतो. एसक्यूलाइट, मायएसक्यूएल आणि ऑरॅकल नल देतात. जँगोच्या कागदपत्रांत हा फरक स्पष्ट लिहिलेला आहे, पण ओआरएम तो मिटवत नाही. ऑरॅकल तर रिकाम्या स्ट्रिंगलाच नल मानतो, म्हणजे तिथे ड आणि इ यांच्या परिसरात फरकच उरत नाही.

तेव्हा टेस्टच्या सेटिंगमध्ये पोस्टग्रेस घाला, सर्व्हरवर आहे त्याच मुख्य आवृत्तीचा. 'टेस्ट हळू होतात' ही तक्रार येईलच. --कीप-डीबी लावलं की दर वेळी डेटाबेस नव्याने उभा राहत नाही आणि पहिल्या खेपेनंतर फरक फारसा जाणवत नाही.

बेरीज, सरासरी, आणि पानावर छापलेला नन

आपल्या पाच ओळींची सरासरी किती? ४+५+३+० म्हणजे १२. ॲव्हरेज ३ देतो, २.४ नाही, कारण नल भाजकात धरलाच जात नाही. काउंट('रेटिंग') ४ देतो, काउंट('*') ५. हे एसक्यूएलचेच नियम आहेत आणि जँगो त्यात ढवळाढवळ करत नाही, हे बरोबरच. पण एकही ओळ न जुळणाऱ्या फिल्टरवर सम लावला तर शून्य येत नाही, नन येतो, आणि टेम्प्लेटमध्ये 'एकूण रक्कम: नन' असं छापलं जातं. ४.० पासून अॅग्रिगेटला डिफॉल्ट=० देता येतं. काउंटला ते दिलं तर टाइपएरर येतो, कारण तो नन कधी देतच नाही. रिकाम्या क्वेरीसेटवरची ही एक टेस्ट प्रत्येक रिपोर्टला हवीच.

एफ एक्स्प्रेशनमधल्या गणिताचं वेगळं सांगायला नको, किंमत वजा नल म्हणजे नल. कॉनकॅट मात्र नलला रिकामी स्ट्रिंग मानून जोडतो, त्यामुळे पत्ता जोडताना अख्खा पत्ता नाहीसा होत नाही. फक्त स्वल्पविराम लोंबकळत राहतो.

जेसन फील्ड: इथे मार्क कापले

३.१ पासून जेसन फील्ड जँगोच्या गाभ्यात आहे आणि नलच्या बाबतीत ते वेगळं प्रकरण आहे. एकाच तपशील कॉलममध्ये 'काही नाही'चे चार प्रकार राहतात: कॉलमच एसक्यूएल नल, कॉलममध्ये जेसनचा नल, ऑब्जेक्ट आहे पण होम_डिलिव्हरी ही की नाही, की आहे पण तिची व्हॅल्यू नल. पायथॉनमध्ये वाचताना पहिले दोन्ही ननच दिसतात.

तपशील=नन देऊन ओळ सेव्ह केली तर एसक्यूएल नल साठवला जातो. त्याच तपशील=नन ने फिल्टर केलं तर जेसनचा नल शोधला जातो. म्हणजे आत्ताच टाकलेली ओळ त्याच अटीने सापडत नाही. कागदपत्रांत हे लिहिलेलं आहे, म्हणून याला बग म्हणता येत नाही. पण साध्या कॉलमवर नन म्हणजे 'इज नल' ही सवय लावून इथे ती मोडायची, हे काही बरं नाही. एसक्यूएल नल शोधायला कायम तपशील__इजनल=ट्रू वापरा.

कीच्या पातळीवर तपशील__होम_डिलिव्हरी=नन म्हणजे 'की आहे आणि नल आहे'; तपशील__होम_डिलिव्हरी__इजनल=ट्रू म्हणजे 'की नाही'. आणि इथे फिल्टर अधिक एक्सक्लूड म्हणजे सगळ्या ओळी ही हमी जँगोच देत नाही. की नसलेली दुकानं दोन्ही याद्यांतून गळू शकतात. वरचा हेल्पर या फील्डवर मुद्दाम चालवा आणि चारही प्रकारच्या चार ओळी डेटात ठेवा. जी की वारंवार शोधावी लागते ती जेसनमधून बाहेर काढून तिचा स्वतंत्र कॉलम करणं, हा यावरचा खरा उपाय.

युनिक असूनही दोनदा

लहान दुकानांना जीएसटी क्रमांक नसतो. कॉलम युनिक आहे आणि क्रमांक नसलेल्यांसाठी रिकामी स्ट्रिंग साठवली, तर दुसऱ्याच दुकानाला इंटिग्रिटीएरर. कॅरेक्टर फील्डला सहसा नल=ट्रू देऊ नये, असं जँगोची कागदपत्रं सांगतात, पण युनिक आणि ब्लँक=ट्रू एकत्र आले की नल=ट्रू लागतोच, हा अपवादही तिथेच दिला आहे. मॉडेलफॉर्म आणि ॲडमिन अशा कॅरेक्टर फील्डसाठी रिकामा इनपुट ननच सेव्ह करतात. स्वतःच्या एपीआयमधून किंवा इंपोर्ट स्क्रिप्टमधून आलेली रिकामी स्ट्रिंग मात्र तशीच आत जाते.

उलट बाजू जोड-युनिकची. नाव आणि परिसर मिळून युनिक, आणि परिसर नल असलेली एकाच नावाची दोन दुकानं टाकली, तर दोन्ही सुखाने बसतात, कारण नल नलच्या बरोबर नसतो. फुल-क्लीनही (मॉडेलची तपासणी करणारी जँगोची मेथड) वाचवत नाही. ननची व्हॅल्यू असेल तर युनिकची तपासणीच वगळली जाते. गेट-ऑर-क्रिएट (ओळ शोधा, नसेल तर तयार करा) शोधताना 'इज नल' वापरतो म्हणून एकेकट्या विनंतीला ठीक चालतो. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या की दोन ओळी तयार होतात आणि नंतरच्या प्रत्येक कॉलला मल्टिपल-ऑब्जेक्ट्स-रिटर्न्ड हा एरर. जँगो ५.० पासून युनिककन्स्ट्रेंटला नल्स_डिस्टिंक्ट=फॉल्स देता येतं, पण त्यासाठी पोस्टग्रेस १५ किंवा पुढचा लागतो. इतर डेटाबेसवर वॉर्निंग येते आणि कन्स्ट्रेंट तयारच होत नाही. जुन्या पोस्टग्रेसवर आणि एसक्यूलाइटवर दुसरा कन्स्ट्रेंट जोडा: फक्त नावावर युनिक, अट परिसर__इजनल=ट्रू. मायएसक्यूएलवर अटीचे कन्स्ट्रेंट चालत नाहीत.

चेककन्स्ट्रेंट रेटिंग ० ते ५ च्या आत ठेवतो, पण नलला अडवत नाही. अज्ञात म्हणजे चेकच्या दृष्टीने पास.

डेटा आत येतो तिथे

इंपोर्टसाठी जँगोला दोष देता येणार नाही, पण टेस्ट इथेही हवी. एक्सेलमधून येणाऱ्या दुकानांच्या याद्यांत रिकाम्या जागी '-', 'लागू नाही', 'एनए' असं काहीही असतं. पांडाज (पायथॉनची डेटा लायब्ररी) 'एनए' आणि रिकामा सेल नॅन ('हा आकडाच नाही' अशी व्हॅल्यू) धरतो, पण '-' आणि 'लागू नाही' स्ट्रिंग म्हणूनच आत येतात. इंपोर्टमध्ये त्यांची यादी स्वतः द्यावी लागते. आणि नॅन म्हणजे नल नव्हे. फ्लोट कॉलममध्ये नॅन गेला तर पोस्टग्रेस तो नॅन म्हणूनच ठेवतो, इजनलला तो सापडत नाही आणि क्रमात सगळ्या आकड्यांच्या वर बसतो. एसक्यूलाइट त्याचा नल करून टाकतो. पुन्हा तेच, लॅपटॉपवर पास, सर्व्हरवर नापास.

एपीआयमध्ये पॅच विनंतीत (ओळीचा काही भागच बदलणारी) परिसर नल पाठवणं म्हणजे 'पुसून टाक', आणि परिसर न पाठवणं म्हणजे 'हात लावू नकोस'. सीरियलायझरच्या (आलेला डेटा तपासणारा भाग) व्हॅलिडेटेड डेटावर गेट('परिसर') वापरलं तर दोन्हींत ननच मिळतो. की आहे का ते इन ने तपासा, आणि दोन्ही विनंत्यांची वेगवेगळी टेस्ट लिहा.

स्कीमा ठरवतानाच निस्तरायची एक गोष्ट. दुकान दुपारी १ ते ४ बंद असतं, यासाठी दोन वेळेचे कॉलम नल चालतील असे ठेवले. आता नल म्हणजे दुपारी उघडं असतं, की कुणी विचारलंच नाही? पुण्यात हा फरक ग्राहकाला बंद शटरपुढे उभं करतो. 'दुपारची सुट्टी आहे का' हा वेगळा बूलियन कॉलम घ्या, नल=ट्रू सह, म्हणजे हो, नाही आणि माहीत नाही असे तिन्ही अर्थ वेगळे राहतील. २.१ पासून साध्या बूलियनफील्डला नल चालतो. जुना नलबूलियनफील्ड ४.० मध्ये काढून टाकला.

इतरांच्या तुलनेत

रेल्सचं व्हेअर-डॉट-नॉट आणि लॅराव्हेलमधली != ची अट नलवाल्या ओळी गाळते. एसक्यूएलअल्केमीही गाळते, पण तिथे इज-डिस्टिंक्ट-फ्रॉम हाताशी आहे. मायक्रोसॉफ्टचा ईएफ कोअर जँगोसारखाच जास्तीची अट जोडून सी-शार्पचा अर्थ टिकवतो, आणि नको असेल तर ते बंद करायची सोयही देतो. जँगोत ती सोय नाही. एसक्यूएलमध्ये मुरलेल्या माणसाला हे जास्तीचे 'इज नॉट नल' खुपतात, आणि क्वेरी छापून पाहिली की का आले हे पटकन उमजत नाही.

नवीन प्रोजेक्टसाठी जँगो घ्यायला हरकत नाही. बीएसडी लायसन्स, फुकट. चालू प्रोजेक्टवर ही तपासणी लावायची असेल तर आधी कोडमध्ये दोनच गोष्टी शोधा: एक्सक्लूडमधला __इन ज्याला सबक्वेरी दिली आहे, आणि ॲनोटेटनंतर आलेला एक्सक्लूड. त्या प्रत्येकावर पाच ओळींची टेस्ट लिहा. मग नल असलेले जुने कॉलम नॉट नल करायला घ्या, पण डेटा भरणारं मायग्रेशन (डेटाबेसमधला बदल करणारी फाइल) आणि कॉलम बदलणारं मायग्रेशन वेगवेगळं ठेवा. दोन्ही एकाच मायग्रेशनमध्ये घातली तर पोस्टग्रेस कधीकधी ट्रिगर इव्हेंट शिल्लक असल्याचं सांगून टेबल बदलायला नकार देतो, आणि हा नकार बहुधा रिकाम्या टेस्ट डेटाबेसवर नाही, डिप्लॉयच्या दिवशी भरलेल्या टेबलवर येतो.